त्या दिवशी मी प्यायलो नव्हतो

भिवंडी

धम्मदिना,

सकाळपासून हा तिसरा कागद. वकिलाने तुला काहीही लिहायचं नाही असं बजावलंय, तरी हात थांबत नाही.

माझी हळदीची गाणी तेव्हा गावोगाव वाजत होती. वडपे गावातल्या कार्यक्रमानंतर गाडीत मी तुझ्या अंगावर हात टाकला, तू ओरडलीस, आणि दुसऱ्या दिवशी मी तुला माझ्या कोरसमधून काढलं. वर सगळ्यांना सांगितलं, तिचा सूर लागत नाही. नऊ वर्षांनी तू हे चॅनेलवर बोललीस. त्यातला शब्द न् शब्द खरा आहे.

काल कामतघरला माझं व्यसनमुक्तीचं भाषण होतं. आयोजक पंढरीशेठ कानात म्हणाले, "दारूच्या नशेत झाला, असा बोल. लोकं माफ करतील. तू सुधारलास, सगल्यांना म्हाईत हाय."

मी माईक घेतला. "दारू सोडून सहा वर्षं झाली," म्हणालो, तर टाळ्या पडल्या. मग म्हणालो, "पण त्या दिवशी मी प्यायलो नव्हतो. पूर्ण शुद्धीत होतो."

टाळ्या बंद. पुढच्या रांगेतून माझी बायको माधवी उठून निघून गेली. घरी तिने एवढंच विचारलं, "मला पण दारूचंच सांगितलंस ना?"

आज पोलीस ठाण्यात सगळं लिहून देऊन सही केली. हे पत्र मात्र पाठवणार नाही. पाठवलं तर तू माफ करशील अशी आशा धरून बसेन, आणि तुझ्याकडे काही मागायचा हक्क मला उरलेला नाही.

उत्तराची वाट न पाहता,
दीपेश