रबराला तेल

आप्पा,

स्पूलच्या टेपरेकॉर्डरला हात लावायच्या आधी हे वाचा. मशीन बिघडलेलं न्हाय. तुम्ही घरात दिसेल तिथं तेल घालता, तसं टेप पुढं ओढणाऱ्या रबरी रोलरलाही शिलाई मशीनचं तेल घातलंत. म्हणून टेप घसरत होती आणि तुमच्या लग्नाच्या रेकॉर्डिंगमधला आईचा आवाज रेड्यागत निघत होता. रोलर मी स्पिरिटनं पुसून कोरडा केलाय. हेडवरचा काळा थरही काढलाय. तेलाची बाटली कामावर जाताना बरोबर नेतोय, शोधत बसू नका.

रबराला तेल लावू नका, हे आई त्या दिवशी सांगत होती की! तुम्ही पावण्यांसमोर तिलाच "तुला काय कळतंय?" म्हणून गप्प बसवलंत. ती राधानगरीला मामाकडं गेली ती काय भात लावायला न्हाय गेली. आणि तुम्ही गल्लीभर सांगत सुटलाय, हवापालटाला गेलीया म्हणून.

सकाळी टेप लावून बघितली. आईचा उखाणा एकदम स्वच्छ येतोय, तुमच्या नावासकट. तोच ऐकायला तुमचा एवढा आटापिटा चाललाय, हे मला काय कळत न्हाय व्हय?

आमटी गरम करून खावा. मग मामाच्या फोनवर आईला बोलवून घ्या. तब्येत, पाऊस, मामाच्या म्हशी, सगळं नंतर. आधी म्हणा, "तुझंच खरं हुतं." त्याला तेल लागत न्हाय.

संगमेश