धाबळीतली अंडी

चौबे कॉलनी, रायपूर
१६ जानेवारी, गुरुवार

चि. देवश्रीस,

अनेक आशीर्वाद. इकडे सर्व ठीक. तुझी आई नागपूरला मावशीच्या गुडघ्याच्या ऑपरेशनला गेली आहे, त्यामुळे वरण मी करतो आणि मीच त्याला नावं ठेवतो. थंडी बरी आहे. म्हणजे माणसांसाठी बरी.

दीड वर्षानं बापाचं पत्र, तेही पोस्टानं, म्हणून दचकू नकोस. फोनवर तू "हं" म्हणतेस, मी "बरं" म्हणतो, आणि मग तुझी आई फोन काढून घेते. एवढ्यात हे मावणार नव्हतं.

तुझी चाळीस अंडी. तुझ्या मदतनीस गोदावरीनं अंडी उबवायचं मशीन आणून दिलं तेव्हा मी तुझ्या आईला बजावलं होतं की अंडं या उंबऱ्याच्या आत येणार नाही. तिनं ते मागच्या दारानं आणलं. मागच्या दाराला उंबराच नाही, हा तिचा युक्तिवाद. मी न्यायशास्त्र शिकलो आहे, पण संसारात त्याचा उपयोग शून्य. मशीन तुझ्या खोलीत बसलं. तू कोंबड्या पाळतेस त्या गावात वीज सारखी जाते, रायपुरात जात नाही, म्हणून ही व्यवस्था.

सोमवारी रायपुरातही गेली.

वीज मंडळाला दोष देऊन हे वाक्य इथेच संपवणार होतो. पण वीज मंडळानं काही केलं नाही. सकाळी शाळेत जाताना मी मेन स्विच बंद केला. घर रिकामं ठेवून निघताना करतो तसा; तुझी आई आदल्याच दिवशी नागपूरला गेली होती. दुपारी परत आलो तर मशीनवर आकडाच नाही. स्विच चालू केला, आकडा आला: सव्वीस अंश. हवे होते साडेसदतीस. पंधरावा दिवस होता.

मी झाकण उघडून पाहिलं. मग पुन्हा पाहिलं. तिसऱ्यांदा पाहिल्यावर गोदावरीला फोन लावला.

"काका, तुमी घाबरून काहून राहिले? पहिले ते झाकण लावा. तुमी पायता अन् आतली गरमी जाते!"

"पण ती जिवंत आहेत का?"

"आता नाही समजत. पंधरा दिवसाचं पिल्लू आहे, त्याची सोताची बी ऊब असते. वरून घोंगडी-बिंगडी टाका, हवेची भोकं मोकळी ठेवा. गरमी हळूहळू चढू द्या, घाई नका करू. अन् मले काहून फोन केला? देवश्रीले करा ना."

"तिला सांगू नकोस."

"मी नाही सांगत. तुमीच सांगान."

घरात घोंगडी नव्हती. होती ती माझ्या आईची धाबळी. ती नेसून आई सोवळ्यात स्वयंपाक करायची, तेव्हा तिला शिवायची मुभा मलाही नव्हती. तीच लोकरी धाबळी तुझ्या अंड्यांभोवती गुंडाळली. आई वर काय म्हणाली असेल, ते मी विचारलेलं नाही. सव्वातीन तासांनी आकडा साडेसदतीसवर आला. तोवर मी जमिनीवर बसून शाळेच्या वह्या तपासल्या आणि सगळ्यांना सढळ गुण दिले.

मासोळी पिलांना नजरेनं वाढवते, कासवी दुरून नुसत्या ध्यानानं, आणि पक्षीण स्पर्शानं, असा आपल्या जुन्या लोकांचा समज. हे मी वर्गात वर्षानुवर्षं सांगत आलो. घरी मात्र कासवीचा पंथ धरला. त्यात कष्ट कमी.

आज अठरावा दिवस. न्हाणीघराचं दार लावून टॉर्चवर एकेक अंडं धरलं. नऊ गप्प होती. एकतीस हलली. एकानं तर टॉर्चकडे पाठ फिरवली. तुझ्यावर गेलं असणार.

आता राहिलेलं. तू गेलीस त्या जुलै महिन्यातल्या सकाळी मी म्हणालो होतो, "कोंबड्याच पाळायच्या होत्या तर डॉक्टर कशाला झालीस?" आणि मेन स्विच बंद करून शाळेत निघून गेलो. तू आत सामान बांधत होतीस. पंखा नाही, दिवा नाही. संध्याकाळी तुझ्या आईनं विचारलं तेव्हा मी सांगितलं, सवयीनं झालं.

देवश्री, सोमवारची सवय होती. त्या दिवशीची नव्हती. तू आत आहेस हे मला माहीत होतं.

गोदावरी म्हणते, गारठलेली अंडी एक-दोन दिवस उशिरा फुटतात. एकविसाव्या दिवशी आवाज आला नाही म्हणून मशीन बंद करायचं नसतं. एकविसावा दिवस रविवारी. मी मंगळवार, बुधवार, लागेल तितकं थांबणार आहे. पिल्लं बाहेर आल्यावर काय करायचं ते मला येत नाही. तुला येतं.

पुढच्या दारानं ये. उंबऱ्याचं मी बघतो.

मेन स्विचवर कागद चिकटवून बसलेला,
तुझा बाबा

ता. क. कागदावर लिहिलं आहे, "आत कोणीतरी आहे."