भोंग्याच्या पल्ल्यातलं घर

१८ नोव्हेंबर १९३६, बुधवार. जालना

डॉक्टरांनी तुळजाच्या पाठीला नळी लावली, बराच वेळ ऐकलं. मग मला बाहेर बोलावलं. "मिस्त्री, औषध देतो. पण खरं सांगू? बाईंना जीनच्या आवारातून हलवा. ही छाती आणखी दोन हंगाम काढायची नाही."

नळी कशाला लागते! इंजिनाच्या कोणत्या बेअरिंगला तेल कमी पडलं ते मी फाटकातून सांगतो. बायकोच्या छातीतली शिट्टी मला ऐकू येत नसेल? आमची खोली कापसातून सरकी काढणाऱ्या रेच्यांना लागून. सरकी खाली पडते, रुई पुढं जाते आणि फुफाटा आमच्या घरात. ताटात फुफाटा, रांजणात फुफाटा, तुळजाच्या केसांत फुफाटा. अकरा वर्षं.

घर घ्यायचं. जालन्याबाहेर, पण रोज कामावर जाऊन येता येईल असं. ठरलं!

१९ नोव्हेंबर

जीनच्या मालकांना, शेठांना, सांगितलं. सुपारी कातरत होते. "घर जरूर घ्या, मिस्त्री. बिलकुल घ्या. पण इंजिनवाला भोंगा ऐकू येईल तिथंच राहिला पाहिजे. पाचचा भोंगा ऐकायचा, सहाच्या भोंग्याला इंजिनाच्या चाकावर हात. एक दिवस जरी चुकलात—"

सुपारी तोंडात टाकली. पुढचं मला कळलं. त्यांच्या मेव्हण्यानं पाठवलेला फिटर दिवाळीपासून आवारात बसून फुकटचा चहा पिऊन राह्यलाय.

कारकून भालचंद्रपंत वहीतून मान वर न काढता म्हणाले, "गजराचं घड्याळ घ्या एक."

म्हणालो, "पंत, घड्याळ तुम्हाला लखलाभ! मला देवानं कान दिलेत. अकरा वर्षांत मी भोंग्याआधी उठलो नाही असा एक दिवस दाखवा."

पंतांनी वहीचं पान उलटलं. दाखवणार कुठून? पाचचा भोंगा होतो तेव्हा मी बाजेवर बसून तंबाखू मळत असतो. तुळजा तर त्याच्याही आधी खोकत उठलेली.

२२ नोव्हेंबर, रविवार

धावड्याहून पुंजारामदादा आला. थोरला भाऊ. जमीन त्याच्याकडं, मी चौदाव्या वर्षी नुसत्या धोतरानिशी निघून आल्तो. घराचं कळल्याबरोबर सुरू झाला.

"घर बांधायचं तर गावात बांध. जागा पडली हाय."

"दादा, धावडा इथून गाडीबैलानं दीड दिवस. रोज कसा येऊ?"

"मंग सोड ती नोकरी! परक्या गावात घर घेतो म्हणं. पोळ्याला वेशीत कुणाच्या मागं उभा राहशील? तुझी जागा कोणती?"

"बैल कुठंय माझ्याकडं? सायकल हाय. तिच्या हँडलला बेगड लावतो अन् सगळ्यांच्या शेवटी उभी करतो!"

तुळजा खदखदून हसली आणि हसता हसता तिला उबळ आली. थांबेचना. खांबाला धरून बसली. दादानं पाण्याचा तांब्या पुढं केला. मग हळूच म्हणाला, "कवापासून हाय हे?"

जाताना म्हणाला, "घे घर. पण मी रागावलोय, हे ध्यानात ठेव."

२५ नोव्हेंबर

बदनापूर बाद. घर चांगलं, स्टेशनाजवळ. पण भोंगा तिथवर येणं शक्य नाही आणि पहाटे मला पोचवील अशी गाडी नाही. असती तरी गाडीच्या मर्जीवर मी जगायचा नाही!

२७ नोव्हेंबर

कादराबादेतली माडी पाहिली. भोंगा तर कानात ओतल्यासारखा ऐकू येईल. पण परसात उभा राहिलो तर मागं घर-घर, घर-घर. दुसरा जीन! मालक म्हणतो, "सवय होते." म्हणालो, "तुम्हाला झाली असेल. माझ्या बायकोच्या छातीला अकरा वर्षांत झाली नाही."

२ डिसेंबर

आता माझी रीत बसली. चार वाजता सायकल काढायची. पाचला त्या गावात घरासमोर डोळे मिटून बसायचं. भोंगा ऐकू आला तर घर पास. मग सहाच्या आत परत. थंडीत वारा उगवतीकडून येतो, म्हणून मावळतीच्या गावांना आवाज जास्त लांब जातो. जीनचा हंगाम थंडीचाच. हे शाळेतल्या मास्तरांना सुचायचं नाही!

आज तीन कोसांवरचं गाव नापास. नुसती कुत्री ऐकली.

५ डिसेंबर

बोरखेडी! दोन कोस, मावळतीला. ओट्यावर बसलो, डोळे मिटले आणि आला — बारीक, लांबून, पण साफ. सायकलनं अर्ध्या तासावर चार मिनिटांत चाकावर हात.

घर गोजरबाई नावाच्या म्हातारीचं. मुलाकडं परभणीला चाललीय. माळवदाचं, दोन खणांचं, आड घरामागंच. तुळयांवर बोटानं वाजवून पाहिलं, एकही पोकळ बोलली नाही. आडात खडा टाकला, पाणी भरपूर. म्हातारी म्हणाली, "तुळया काय वाजवतोस बाबा, कलिंगड हाय का? घर थंडगार हाय. इथं माणसाला झोप लागती बघ."

म्हणालो, "मावशी, झोपायला नाही घेत. उठायला घेतोय."

१३ डिसेंबर, रविवार

तुळजाला छकड्यातून बोरखेडीला नेलं. ओसरीवर बसवलं. तास झाला, दोन तास झाले. गोजरबाईनं तिला भाजलेल्या शेंगा दिल्या, दोघी बोलत बसल्या. मी मधूनच तिच्या पाठीला कान लावायचो. म्हातारी हसून लोटपोट. "लेकरू हाय का पाठीत?"

शिट्टी होती. पण सकाळपेक्षा बारीक. माझा कान खोटं बोलत नाही.

तुळजा म्हणाली, "ओ, मला हेच घर पाहिजे." इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिनं काही मागितलं. लुगडंसुद्धा कधी मागितलं नाही.

१६ डिसेंबर

गावचे रामराव पाटील पारावर बसले होते. मी लांब होतो, त्यांना वाटलं ऐकू जात नाही. "जीनवाला. उपरा. दोन महिन्यांत पळंल."

सरळ जाऊन समोर उभा राहिलो. "पाटील, राम राम. दोन महिने कशाला म्हणालात? माझी हाडं इथं जायची हायत. तवर तुमच्या मोटेचं चाक कुरकुरून राह्यलंय, आस झिजलाय. उद्या येऊन बघतो."

पाटलांनी मोटेकडं वळून पाहिलं. मग म्हणाले, "इथून ऐकलं व्हय?"

२१ डिसेंबर

रजिस्ट्री झाली. तुळजाच्या नावानं! पंत म्हणाले, "बायकोच्या नावानं? लोक काय म्हणतील?" म्हणालो, "काय म्हणतील ते मी ऐकीन. माझे कान चांगले आहेत."

२७ डिसेंबर

राहायला आलो. दादानं धावड्याहून ज्वारीचं पोतं पाठवलं. निरोप नाही, नुसतं पोतं. अजून रागावलाय म्हणायचा.

२८ डिसेंबर

भोंग्याआधी उठलो. तुळजा खोकत चुलीपाशी होती. सहाला पाच कमी असताना फाटकात. शेठ हातात घड्याळ घेऊन उभे! मी राम राम केला. फिटरनं तोंड फिरवलं.

६ जानेवारी १९३७

दहा दिवस, एकदाही चुकलो नाही. पंतांनी आज मला चहा पाजला, स्वतःच्या खिशातून. म्हणाले, "तरी घड्याळ घ्या, मिस्त्री. वर्गणी काढू का?" चहा प्यालो, घड्याळ नाही घेतलं.

१२ जानेवारी

तुळजाचा खोकला उतरलाय. पहाटे दोनदाच. दुपारी आडावर बायकांशी भांडून आली म्हणे, दोर कुणाचा यावरून. भांडायला दम पुरला! मला इतका आनंद झाला की मी तिचीच बाजू घेतली. दोर खरं तर शेजारणीचा होता.

१६ जानेवारी

भोंगा वाजला तेव्हा मी अजून पडून होतो. डोळा तेवढा उघडा होता. धावत पळत पोचलो, दोन मिनिटं राखून. शेठांनी घड्याळ खिशात टाकलं. थंडी जास्त पडलीय, त्याचं असेल.

१९ जानेवारी, मंगळवार

डोळा उघडला तर भिंतीवर ऊन. पाचचा होऊन गेला, सहाचाही होऊन गेला. कुणीच खोकलं नाही. घाबरून तुळजाच्या पाठीला कान लावला. शिट्टी नाही, नुसता श्वास, लांब आणि सरळ. अकरा वर्षं मला भोंग्याआधी कोण उठवत होतं ते आज कळलं! घर बघताना मी भोंगा पारखला तो जागेपणी; इतक्या लांबून तो झोपलेल्याला उठवतो का, हे पाहिलंच नाही.

फिटरचा हात चाकावर असेल. असू दे. हे लिहून राह्यलोय आणि ती अजून झोपलीय. मी तिला उठवलं नाही.