हार्ड डिस्कला अखेर जागा मिळाली

सेलू

चि. अर्पितास, भुजंगकाकाचा भरभरून आशीर्वाद. तिकडं पुण्यात तब्येत ठीक असेल, जेवण वेळेवर होत असेल, असं धरून चालतो. इकडं मी, तुझी हेमाकाकू आणि तू पाठवलेला जुना कॉम्प्युटर, तिघंही खुशाल आहोत. (कॉम्प्युटर मध्यंतरी खुशाल नव्हता. त्यात त्याचा काही कसूर नाही.)

त्या कॉम्प्युटरवरून घरातल्या दोन्ही टीव्हींवर आपलेच व्हिडिओ दिसावेत म्हणून तू एवढी खटपट केलीस, त्याबद्दल आधी शुक्रिया. हार्ड डिस्क कॉम्प्युटरच्या पोटात लावा, असं तू बजावलं होतंस. पण पोट फाडायचं माझ्या जिवावर आलं, म्हणून मी ती वायरनं इंटरनेटच्या राऊटरला लावली. तर नागनाथदादांचा, म्हणजे तुझ्या बाबांचा, झरीच्या शेतातल्या हुरड्याचा व्हिडिओ असा अडखळायलाय, की दादांनी हसायला उघडलेलं तोंड आमचा चहा झाला तरी मिटेना! मग म्हटलं, मधे हा दलाल कशाला? डिस्क सरळ टीव्हीलाच खुपसली. टीव्हीनं अदबीनं विचारलं, डिस्क फॉरमॅट करू का? मला वाटलं पाहुणचाराचा काही प्रकार असेल. 'होय' दाबणार, तेवढ्यात काकू पोळपाट सोडून धावली. "अहो, ते पुसू का म्हणून इचारायलंय! दादा जातील की सगळे!" म्हणत तिनं रिमोटच हिसकावला. दादा गेल्यापासून त्यांचा आवाज त्या एका डिस्कवरच उरलाय. मी डिस्क काढून काकूच्या हाती दिली, पोरी.

मग तू ऑफिसातून व्हिडिओ कॉल करून एकेक वायर ओळखून दिलीस, न चिडता. (तुझ्या बाबांवर गेली नाहीस, हे बरं.) डिस्क पोटात बसली, आणि दादा डोक्यावर टॉवेलचा पदर घेऊन, सासूची नक्कल करत, न अडखळता अख्खे हसले. काकू हसता हसता रडली. माझ्या डोळ्यात धूळ गेली होती. तुझे लय उपकार आहेत.

तुझा,
भुजंगकाका

ता. क. : डिस्क मी बसवली असं वाटत असेल तर वाटू दे. स्क्रू काकूनं पिळले. मी मोबाईल धरला होता, म्हणून तुला निम्मा वेळ माझा अंगठा दिसला.

आणखी ता. क. : दिवाळीला दुसरी डिस्क घेऊन ये. दादांची एक प्रत तुझ्याजवळही असू दे. काकू म्हणते, एवढं कारण कशाला सांगता, पोरीला नुसतं ये म्हणा. तर, ये.