बटाटा उपासाला चालतो

४ ऑगस्ट १९७४, रविवार
पलटणीतून रिटायर होऊन महिना झाला. सांगलीकडच्या एका साखर कारखान्यात सिक्युरिटी सुपरवायझरची जागा आहे. राहायला क्वार्टर. अट एकच, मेडिकल, १५ ऑक्टोबरला. वजन ७४ किलोच्या वर चालणार नाही. बिराप्पा अडत्याच्या गुळाच्या काट्यावर उभा राहिलो. ८४. बिराप्पा म्हणाला, हवालदारसाहेब, भाव काढू का? हसू दे लेकाला. दहा आठवड्यांत दहा किलो. लष्करी माणसाला काय अवघड आहे? उद्यापासून पळणे.

५ ऑगस्ट, सोमवार, सकाळी ७
बूट ओले. उद्यापासून.
अंजनानं माझ्या नोकरीसाठी शंभू महादेवाचे अकरा सोमवार धरलेत. दिवसभर पाणी, संध्याकाळी थोडं उपासाचं. म्हटलं, तुला कशाला ताप? म्हणाली, आवं, तुमी पळायचं, मी उपाशी ऱ्हायचं, दोगांचं मिळून हुतंय.
उद्या नक्की पळणार.

१२ ऑगस्ट
शोध लागला. नाक्यावरच्या हाफिजभाईच्या बेकरीत पोटॅटो सॅलड मिळतं. हाफिजभाई पूर्वी पाचगणीला एका बोर्डिंगात खानसामा होता. पलटणीचे डॉक्टरसाहेब कायम सांगायचे, सॅलड खा, सॅलड खा. पावशेर घेतलं. बटाटा, गाजर, मटार आणि वर पांढरं, गारेगार. दहीच. विचारलं नाही. चाळिशी ओलांडलेल्या माणसाला दही ओळखता येतं.
घरी येऊन आहारावरचं सरकारी पुस्तक काढलं. शंभर ग्रॅम बटाटा ९७ कॅलरी, दही ६०. पावशेर सॅलड म्हणजे फार तर दोनशे. गाजर डोळ्यांना चांगलं, ते फुकटात. रात्रीची भाकरी बंद.

२४ ऑगस्ट, शनिवार
८५. बटाट्यात पाणी असतं, त्याचं वजन. उतरेल. सॅलड दुपारीही सुरू केलं. रात्रीची भाकरी चालू ठेवावी लागली, नुसतं सॅलड घशाखाली उतरत नाही.

९ सप्टेंबर, सोमवार
अंजनाला चक्कर आली. चुलीपुढं बसल्या बसल्या भिंतीला टेकली. माझ्यासाठी उपाशी राहते आणि मी दोन वेळा पोटभर खातो, हे मनाला लागलं. धावत बेकरीत गेलो. (आज पळणे झाले.) सॅलड आणलं. गाजर आणि मटार आमच्यात उपासाला चालत नाहीत, म्हणून एकेक वेचून काढले आणि वाया जाऊ नयेत म्हणून स्वतः खाल्ले. तिनं विचारलं, ह्यात कांदा न्हाई न्हवं? छातीठोक सांगितलं, बटाटा आणि दही, बाकी काही नाही. खाल्लं तिनं. बोटं चाटली. म्हणाली, लय ग्वाड लागतंय वो.
आता दर सोमवारी आणणार. नवऱ्याचं कर्तव्य.

२३ सप्टेंबर, सोमवार
सलग तिसरा सोमवार. अंजनाला तरतरी आली. सॅलडमधली पौष्टिक तत्त्वं. माझं वजन ८७, पण त्यातला निम्मा भाग ताकद आहे.

२६ सप्टेंबर, गुरुवार, दुपारी
आज बेकरीत लवकर गेलो. हाफिजभाई पातेल्यात अंड्यांचे बलक फेटत होता आणि वरून गोडंतेल सोडत होता. धारच धार. म्हटलं, हे कशात घालणार? म्हणाला, सॅलडमंदी, हवालदारसाब, दुसरं कशात? दही? आवं, दह्याला ही चव कुटनं येनार? म्हटलं, मला आधी का नाही सांगितलं? म्हणाला, तुमी कवा इचारलं?
पुस्तक काढलं. शंभर ग्रॅम तेल ९०० कॅलरी. म्हणजे गेला दीड महिना मी रोज…
मग अंजना आठवली. आधी कॅलरी आठवल्या, मग बायको. काय माणूस आहे मी.
तीन सोमवार. उपासाच्या तोंडात अंडं घातलं, ते पण माझ्या हातानं. एरवी रविवारी आमच्यात कोंबडं शिजतं, पण सोमवारी ती त्या भांड्यालासुद्धा शिवत नाही. आज रात्री सांगणार.

२७ सप्टेंबर
सांगितलं नाही. तिचा भाऊ सयाजी आला होता. पाहुण्यासमोर शोभत नाही.

२८ सप्टेंबर
विचार केला. अंडं कच्चं होतं, शिजवलेलं नव्हतं. शिवाय तिला माहीत नव्हतं, पाप माझ्याकडं. माझ्याकडं म्हणजे, मीसुद्धा अजाणताच. पाप हाफिजभाईकडं जातं का? नाही जात. त्यानं बिचाऱ्यानं काही लपवलं नाही.
रात्री झोप नाही.

३० सप्टेंबर, सोमवार
अंजना दारात वाट बघत होती. म्हणाली, आज ते आणलं न्हाई? म्हटलं, बेकरी बंद. तिनं चार शेंगदाणे खाल्ले. बेकरी उघडी होती. मी उभ्या उभ्या पावशेर खाऊन आलो होतो. शेवटचं. खाताना लाज वाटत होती, हे लिहून ठेवतो.

१४ ऑक्टोबर, सोमवार
अकरावा सोमवार. तिनं नारळ फोडला, माझ्या कपाळाला अंगारा लावला. मान वर करवली नाही. पास झालो की सांगणार. आनंदात माणूस माफ करतं. आज जेवलो नाही, एवढ्यानं चार किलो जावेत.

१५ ऑक्टोबर, सांगली
८९. डॉक्टरांनी विचारलं, खाता काय? म्हटलं, सॅलड. म्हणाले, ते चांगलंय, बाकीचं कमी करा. अनफिट.

१६ ऑक्टोबर, बुधवार, सातारा
येताना एसटीत वाक्य पाठ केलं. अंजना, माझ्या हातून चूक झाली. घरात शिरलो, तोंड बघूनच तिला कळलं. मी घसा साफ करतोय, तेवढ्यात तीच रडायला लागली. म्हणाली, आवं, माझ्यामुळंच झालं. उपास म्हंजी जिभेला वेसण. मला ते बटाट्याचं लय आवडलं. सोमवार कवा येतो म्हनून वाट बघायची मी. देवाम्होरं बसलं तरी मन त्या बटाट्यातच. देवाला कळत न्हाई व्हय? तुमची नोकरी मी खाल्ली.
पाया पडली. म्हणाली, मला माफ करा. पुन्हा अकरा सोमवार धरते, ह्या खेपंला नुसत्या पाण्यावर.
पाठ केलेलं वाक्य तोंडाशी आलं होतं. देवाशपथ आलं होतं.
मी तिला माफ केलं.