दारावरचा कॅमेरा

४ मार्च, सोमवार. सकाळी, शटर उघडण्याआधी.

ही वही शिबिरातल्या मॅडमनी दिली. रोज लिहा म्हणाल्या. चौथीनंतर मी मापाखेरीज काही लिहिलेलं नाही. पण एकदा ठरवलं की ठरवलं.

काल छोट्या दुकानदारांना नवं तंत्रज्ञान शिकवायचं शिबिर होतं. दोन तास प्लास्टिकच्या खुर्चीवर. गुडघा धरला. मॅडमनी प्रत्येकाला पडद्यावरची एकेक ओळ मोठ्याने वाचायला लावली. माझी पाळी आली तेव्हा मी चष्मा विसरले म्हणून सांगितलं. चष्मा नाकावरच होता. कोणाच्या लक्षात आलं नाही. शेजारची पार्लरवाली हसली, पण ती आपल्या फोनमधलं काहीतरी बघून हसली असणार. माझं तोंड लाल झालं ते पंखा बंद होता म्हणून.

संकल्प. दुकान फोनच्या नकाशावर टाकणे. बुकिंग फोनवर घेणे. गिऱ्हाईक कमी का झालं ते शोधून काढणे. हे शेवटचं मला आधीच माहीत आहे. घरी येऊन कपडे उचलून नेणारा तो ॲपवाला निघालाय ना, त्याचं काम.

५ मार्च, मंगळवार.

पहिल्या पानावर व्यवसायाची ओळख लिहा, असं मॅडम म्हणाल्या होत्या. पहिलं पान संपलं. दुसऱ्यावर लिहिते.

दुकान अल्टरेशनचं. पँट आखूड करणे, चेन बदलणे, कंबर सैल करणे, कोटाचं अस्तर. मी मशीनवर. धाकटी काज-बटणांवर आणि इस्त्रीवर. धाकटी म्हणजे माझी धाकटी जाऊ. सतरा वर्षं माझ्या हाताखाली आहे. काज मीच शिकवलं तिला. ती म्हणते आधीपासून येत होतं. येत नव्हतं.

स्वभाव: मी स्पष्ट. ती मऊ. मऊ माणसांनी धंदा होत नाही.

७ मार्च, गुरुवार.

लेकीने तिकडे दूर बसून दुकान नकाशावर टाकलं. फोटो पाठव म्हणाली, पाठवला. फोटोत निम्मा माझा अंगठा आहे. बाकी बोर्ड स्पष्ट आलाय.

९ मार्च, शनिवार. दुपारी.

पहिलं बुकिंग! अकरा वाजता, पँट, उंची कमी करणे. साडेदहापासून मशीन रिकामं ठेवून बसले. मधे दोघं असेच आले. बुकिंग नाही तर जागा नाही, शिस्त म्हणून काही असते, असं सांगून परत पाठवलं. अकराच्या ठोक्याला आमचे हेच आले. लेकीने म्हणे चालतंय का ते करून बघायला सांगितलं होतं. पँट घेऊन आले होते. तिची उंची बरोबर होती.

तरी आखूड केली. बुकिंग म्हणजे बुकिंग.

११ मार्च, सोमवार.

नकाशावर लोक दुकानाला तारे देतात. आम्हाला पाचपैकी दोन. खाली काहीबाही लिहितात. धाकटीला वाचून दाखव म्हटलं. मला येतं, अक्षर बारीक असतं एवढंच. तिने वाचलं, काम उत्तम. आणि थांबली. पुढे काय म्हटलं. पुढे काही नाही ताई, म्हणाली. पुढे तीन ओळी होत्या. दिसत होत्या मला.

ती इस्त्रीकडे गेल्यावर स्वतः वाचलं. अर्धा तास लागला. "काम उत्तम. पण मालकीण बोलत नाही, भुंकते." दुसऱ्याने लिहिलंय, "कपडा शिवून देतात, माणूस उसवून."

ही ॲपवाल्याची माणसं. खऱ्या गिऱ्हाइकाला इतकं जुळवून लिहायला वेळ कुठला. कान गरम झाले ते मशीनच्या दिव्यामुळे. खाली जळतो मेला दिवसभर.

यांना सांगितलं, तुम्ही एक चांगलं लिहा. यांनी तीन तारे दिले. तीन का म्हटलं, तर म्हणाले पाच दिले तर कोणाला खरं वाटणार नाही. तेव्हापासून मी यांच्याशी बोलत नाही. त्यांना अजून ते कळलेलं नाही.

पण ते वाचून दाखवताना धाकटी का थांबली? तिला काय लपवायचं होतं?

१४ मार्च, गुरुवार.

कॅमेरा बसवला. दारावर. आतलं टेबल दिसतं आणि बाहेरची पायरीही दिसते. ॲपवाल्याचा माणूस गिऱ्हाईक बनून आला की पुरावा हातात. कॅमेरावाला भारी बडबड्या. फोनमध्ये कसं बघायचं ते दाखवलं, मग आवाजाचं काहीतरी सुरू केलं. मी म्हटलं बाबा, दिसलं म्हणजे पुरे, माझी कामं पडलीत, उतर शिडीवरून.

दुपारी एक बाई मुलीचा शाळेचा स्कर्ट घेऊन आली. उद्या सकाळीच हवा म्हणे. मी म्हटलं मुलगी काय आज दुपारी वाढली? शाळा काय आज काढली? आम्ही इथे तुमच्या विसरभोळेपणाचे नोकर नाही. तिचा चेहरा पडला. पडू दे. स्पष्ट बोललेलं केव्हाही बरं. एवढी बोलले नसते, पण गुडघा ठणकत होता.

१८ मार्च, सोमवार.

चार दिवसांचं बघितलं. पुढे पळवत पळवत.

ॲपवाल्याचा माणूस दिसला नाही. दिसली ती धाकटी. गिऱ्हाईक बाहेर पडलं की ही मागोमाग पायरीवर. हळू आवाजात काहीतरी बोलते. गिऱ्हाईक मान हलवतं. स्कर्टवाल्या बाईने तर तिचा हात हातात घेतला. आणि तो म्हातारा, कायम कोट घालून येणारा, त्याला हिने कागदावर फोन नंबर लिहून दिला. आमचा बोर्डवर असताना!

मला काय सांगते, तर इस्त्रीच्या वाफेने जीव घाबरतो ताई, जरा वारा घेऊन येते. सतरा वर्षांत इतका वारा पाखरांनीसुद्धा घेतला नसेल.

म्हणजे गिऱ्हाईक असं जातंय. मी ॲपवाल्याला शिव्या घालतेय आणि चोर माझ्याच इस्त्रीशी उभा. कानामागून आली आणि तिखट झाली.

१९ मार्च, मंगळवार.

लेकीला फोनवर सांगितलं. ती म्हणाली आई, काकू तसं करणार नाही, आधी नीट विचार तिला. मी म्हटलं तंत्रज्ञान खोटं बोलत नाही. तूच म्हणाली होतीस.

२१ मार्च, गुरुवार.

आज धाकटी पाच वेळा बाहेर गेली. परत आली की कशी शांत दिसते! मनात पाप असल्याशिवाय माणूस इतकं शांत राहूच शकत नाही. मी दिवसभर शांत नसते.

२३ मार्च, शनिवार. दुपारी.

केलं एकदाचं.

दुकान भरलेलं होतं. स्कर्टवाली होती, कोटवाला होता, आणखी दोघी-तिघी. धाकटी कोटाचं काज करत होती. मी फोन उंच धरला आणि सगळ्यांना दाखवला. म्हटलं बघा, माझ्या हाताखाली शिकली आणि माझंच गिऱ्हाईक पायरीवरून पळवते. कोणासाठी पळवतेस ते सांग. स्वतःसाठी, का त्या ॲपवाल्यासाठी? स्कर्टवाली काही बोलायला गेली. तिला म्हटलं तुम्ही गप्प बसा, तुमचा हातही दिसलाय.

धाकटीने दोरा तोडला. सुई उशीत टोचली. गळ्यातली टेप काढली, गुंडाळली, माझ्या टेबलावर ठेवली. इस्त्रीचं बटण बंद केलं. दारात वळली आणि म्हणाली, ताई, कोटाचं तिसरं काज राहिलंय.

कोटवाल्याने दोन काजांचा कोट उचलला आणि गेला. मग एकेक करत सगळेच गेले.

मी बरोबर होते. तोंडावर बोलले, मागून नाही. नंतर दोन टिपा वाकड्या गेल्या त्या गुडघ्यामुळे.

२५ मार्च, सोमवार.

एकटीने दुकान चालवणं काही कठीण नाही.

एक शर्ट जळाला. इस्त्री जास्त तापते हे धाकटीने कधी सांगितलंच नाही. दोन काजं केली. एकातून बटण जात नाही, दुसऱ्यात राहत नाही.

दिराचा फोन. वहिनी, सतरा वर्षांनी हे ऐकायला लावलंत तिला? मी म्हटलं भावजी, माझ्याकडे पुरावा आहे, उद्याच पाठवते.

२६ मार्च, मंगळवार. चार वाजता.

पुरावा फोनवरून दुसऱ्याला कसा पाठवायचा ते मला येईना, म्हणून कॅमेरावाल्याला बोलावलं. त्याने विचारलं, आवाजासकट पाठवू का. कसला आवाज म्हटलं. अहो काकू, पहिल्याच दिवशी सांगत होतो, आवाज यात बंद असतो, चालू करावा लागतो. तुम्ही मला शिडीवरून उतरवलंत.

त्याने कुठेतरी दाबलं.

आधी एक बाई ओरडायला लागली. अशी ओरडत होती की मी म्हटलं ही कोण बया आणि माझ्या दुकानात का ओरडतेय? कॅमेरावाला खाली बघून वायर गुंडाळायला लागला. वायर आधीच गुंडाळलेली होती.

मग पायरी. धाकटीचा आवाज. स्कर्टवालीला सांगत होती, मनावर घेऊ नका हो. गुडघा फार दुखतो त्यांचा. हात मात्र असा दुसरीकडे मिळायचा नाही तुम्हाला. सकाळी आठला या, स्कर्ट तयार असेल, मी थांबून करून घेईन.

कोटवाल्याला सांगत होती, एक ते दोन ताई जेवायला जातात. निघताना मला फोन करा, मी एकटी असले की कळवेन.

कॅमेरावाला गेला. मी शटर अर्धं ओढून बाकीचं सगळं ऐकलं. या वेळी पळवलं नाही. प्रत्येकाला तेच. मनावर घेऊ नका हो. गुडघा, गुडघा, गुडघा. पावसात भिजलेल्या माणसासारखी गिऱ्हाइकं बाहेर पडत होती आणि ही एकेकाला पुसून परत आत पाठवत होती. सतरा वर्षं. आणि आत येऊन मला म्हणायची, वारा घेऊन आले ताई.

पंखा चालू होता. मशीनचा दिवा बंद होता. घाम नव्हता. लाज वाटली. दुसरा शब्द शोधत बसले होते, सापडला नाही, म्हणून हाच लिहिला.

२७ मार्च, बुधवार.

दिराला पुरावा पाठवला नाही. स्कर्टवाली रस्त्याच्या पलीकडून गेली. हाक मारणार होते. मी हाक मारली की ती पळेल असं वाटलं, म्हणून नाही मारली.

तारे बघितले. कोणीतरी एक तारा दिलाय. काही लिहिलेलं नाही. मीसुद्धा तेवढाच दिला असता.

२८ मार्च, गुरुवार.

संकल्प. माफी मागणे. वाक्य ठरवलं: माझं चुकलं, परत ये. चारच शब्द. चौथी पास बाईला जमण्यासारखे.

प्रत्यक्ष जाण्यापेक्षा फोनवर आवाज पाठवायचं ठरवलं. शिबिरात शिकवलं होतं. सात वेळा बोलले. सातही वेळा ऐकलं तर परत तीच बाई. माफी मागतेय का दम देतेय कळेना. सगळे पुसून टाकले. एक मात्र गेला. त्यात एवढंच आहे, "आता हे कुठे दाबायचं, मेला फोन!"

धाकटीने उत्तर पाठवलं. नुसता अंगठा.

२९ मार्च, शुक्रवार.

उद्या स्वतः जाणार. सकाळपासून मशीनवर सराव केला. माझं चुकलं, परत ये. टिपेच्या तालावर छान बसतं. गुडघ्याला नवा पट्टा आणला. फरक आहे. यांच्यापुढेही म्हणून दाखवलं. हे म्हणाले बरं वाटलं ऐकून, पण मी काय केलं? यांच्याशी मी बोलत नव्हते, ते आठवलं. राहू दे.

आवाज हळू ठेवायचा. हात कमरेवर ठेवायचे नाहीत. बाकी तयारी उत्तम आहे. दहा मिनिटांचं काम.

३० मार्च, शनिवार. सकाळी अकरा. दुकान बंद.

दोन जिने चढले. दार दिराने उघडलं. या म्हणाले नाहीत, बाजूला झाले. धाकटी पदराला हात पुसत आली. माझ्याकडे बघून तिचे डोळे इतके मऊ झाले की माझं वाक्यच हरवलं. ती वाट बघत होती. दीर वाट बघत होते. मी तोंड उघडलं.

म्हटलं, काजांचा ढीग पडलाय तिथे. इस्त्री जास्त तापते हे सांगायला काय झालं होतं? सांगता येत नव्हतं का सतरा वर्षांत? एक शर्ट गेला. आणि त्या कोटवाल्याचा नंबर तुझ्याकडेच आहे, त्याचं तिसरं काज कोणी करायचं? सोमवारी नऊला ये. साडेनऊ नको.

हात कमरेवर होते. कधी गेले कळलं नाही.

ती म्हणाली, हो ताई.

मी वळले आणि उतरायला लागले. एक जिना उतरले असेन. वरून दिराचा आवाज आला, ही माफी मागायला आली होती का हजेरी घ्यायला? पुन्हा पाऊल ठेवायचं नाहीस तू त्या दुकानात.

मग धाकटीचा. हळू. कॅमेऱ्यात ऐकला तसाच, अगदी तसाच. अहो, मनावर घेऊ नका हो. गुडघा फार दुखतो त्यांचा.

मी जिन्यात थांबले. दोन पायऱ्या परत चढले. मग उतरले.

आज गुडघा अजिबात दुखत नव्हता.