स्क्रूखाली दबलेली वायर

रिंकूचे बाबा,

फोन घरीच विसरून तुम्ही कारंज्याले मिस्त्री आणाले गेले, म्हणून लिहून ठेवते. बोटीचं इंजिन सुरू झालं. मी केलं.

काल तुम्ही नवी कॉइल बसवली, तवापासून ते बंद होतं. अन् मामाजीले फोनवर काय सांगतलं? "चंचलनं दोरी ओढून ओढून बिघडवलं!" मी चुलीजवळच होती, सारं आयकलं. परवाच बोटीनं धरणाच्या त्या काठावर गेलेले मामाजी आज सकाळपासून उन्हात मासोळ्या घेऊन बसले आहेत, अन् सुनेलेच नावं ठेवत असतीन.

तुम्ही गेल्यावर मी प्लग काढून पाह्यला, तं करंटच नाई. झाकण खोललं. इंजिन बंद करायच्या बटनाची वायर तुम्ही कसलेल्या स्क्रूखाली दबून सोलली होती, सारा करंट बॉडीत जाऊन राह्यला होता. वायर सोडवून टेप गुंडाळली, दुसऱ्याच ओढीले इंजिन सुरू झालं.

आता मामाजीले आणाले चालली. भाजी झाकून ठेवली आहे, मिस्त्रीलेही वाढा.

वायरचं मी मामाजीले सांगणार नाई. तुम्ही सांगता का नाई, तेच पाहाचं आहे मले.

चंचल